मातीचा सर्च रिपोर्ट

गेल्या वर्षी इथल्या गणेशोत्सवात, महाप्रसादाच्या रांगेत, ओळखीच्या एका काकांनी मला गाठलं. पंचवीस वर्षं सिंगापूरमध्ये आहेत, मसाले आणि तयार पिठं पॅक करून विकतात. धंदा वाढला म्हणून जुरोंगकडच्या एका कारखान्याची उरलेली लीज विकत घ्यायचं त्यांचं चाललं होतं.

"तू मातीवर काम करतोस ना रे? मग मला एक सांग. वकिलानं कागद पाहिले, टायटल क्लिअर आहे, बँक तयार आहे. आणि आता म्हणतात, विकणाऱ्यानं माती तपासून दिल्याशिवाय व्यवहार पुढे जाणार नाही. दोन महिने गेले त्यात. मी काय तिथे ज्वारी पेरणार आहे?"

मी हसलो. आधी तिथे काय होतं, असं विचारलं. "काहीतरी प्लेटिंगचं काम होतं. नटबोल्टांना मुलामा द्यायचे," काका म्हणाले. रांग पुढे सरकली, वरण-भात आला, आणि त्या गडबडीत मी उत्तर द्यायचं टाळलं. का टाळलं ते शेवटी सांगतो. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तुमच्यापैकी कुणी परदेशात दुकान, गोदाम, कारखाना घेतला असेल, तर तुम्हीही तो कधीतरी विचारला असेल. कागद स्वच्छ असताना माती कशाला बघायची?

मी इथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. जुन्या औद्योगिक जमिनींचा इतिहास हा माझा विषय. या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, कलांग नदीच्या काठी फिरताना सापडलं. तुम्ही सिंगापूरला आलात तर लॅव्हेंडर स्टेशनला उतरा आणि कलांग रिव्हरसाइड पार्ककडे चालत जा. (लॅव्हेंडर हे नावही गमतीचं आहे. म्हणतात की त्या भागात भाजीच्या मळ्यांना मैल्याचं खत घालत, त्याचा दर्प एवढा असे की लोकांनी थट्टेनं रस्त्याला सुगंधी फुलाचं नाव दिलं.) बागेत लोखंडाचं एक शिल्प दिसेल, 'द स्पिरिट ऑफ कलांग'. ते तिथल्या जुन्या गॅसच्या कारखान्याच्या सुट्या भागांपासून केलेलं आहे. कलांग गॅसवर्क्सची एवढीच खूण आज वर उरलेली आहे. वर, असं मी मुद्दाम म्हणतो.

हा कारखाना १८६२ सालचा. २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, त्याच्या गॅसवर सिंगापूरच्या रस्त्यांवरचे पहिले दिवे लागले. तोवर दिवे खोबरेल तेलावर जळत. १९०१ मध्ये नगरपालिकेनं कारखाना ताब्यात घेतला. होक्कियन बोलणारे लोक त्या सगळ्या परिसराला 'हुए स्या' म्हणत, म्हणजे आगीचं शहर. मार्च १९९८ मध्ये तो बंद झाला आणि काम उत्तरेला सेनोकोला गेलं. म्हणजे एका जागेवर १३६ वर्षं गॅस तयार होत होता.

हा गॅस विहिरीतून येत नसे. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा न लागू देता, तापवायचा. त्यातून गॅस निघतो, मागे कोक उरतो. पण तो गॅस घाण असतो. थंड केला की त्यातून डांबर सुटतं, पाण्यानं धुतला की अमोनियाचं पाणी उरतं, आणि गंधक व सायनाइड काढायला तो लोखंडाच्या ऑक्साइडच्या थरातून न्यावा लागतो. तो थर निकामी झाला की निळसर पडतो. सायनाइड लोखंडाशी जुळून तयार होणारा हा निळा म्हणजे चित्रकारांचा प्रशियन ब्लू. डांबर विकलं जाई, कोक विकला जाई. सांडलेलं, गळलेलं, खड्ड्यात टाकलेलं मात्र जमिनीत जाई. त्यात बेंझीन असतं, नॅफ्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास असतो, आणि कॅन्सरशी नातं असलेली बरीच चिवट संयुगं असतात. जगातल्या कुठल्याही जुन्या गॅस कारखान्याखाली थोड्याफार फरकानं हेच सापडतं. कलांगला पुढे कोळसा जाऊन खनिज तेलापासून गॅस होऊ लागला, तरी पहिल्या नव्वदेक वर्षांचं डांबर कुठे जाणार?

मुंबईतही १८६० च्या दशकातच रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. लालबागला 'गॅस कंपनी' हे नाव अजूनही कानावर येतं. तिथे वाढलेल्या वाचकांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

आता कलांगच्या या जमिनीची किंमत विचारात घ्या. नदीकाठ, शहराच्या मध्यापासून हाकेच्या अंतरावर, मेट्रो दाराशी. कांपोंग बुगीस या नावानं तिथे सुमारे ४,००० घरांची, मोटारी कमी आणि पायवाटा जास्त, अशी वस्ती यूआरए या नियोजन खात्यानं आखली आहे. सिंगापूरसारख्या जमिनीला आसुसलेल्या देशात अशी जागा एक वर्षही मोकळी पडत नाही. ही दोन दशकांहून जास्त मोकळी राहिली. घरं बांधण्याआधी माती स्वच्छ करावी लागणार होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सरकारनं सिंगापूर नदी आणि कलांगचं खोरं साफ करून दाखवलं होतं. ६१० डुकरांचे आणि ५०० बदकांचे गोठे हलवले, हजारो कुटुंबांना नवी घरं दिली. नदीतली घाण डोळ्यांना दिसत होती, नाकाला कळत होती. जमिनीखालची घाण कळण्यासाठी आधी कुणालातरी आठवावं लागतं, की इथे काय होतं.

काकांना सांगायचं होतं ते हेच. व्यापारी जमीन घेण्याआधी जी पर्यावरणीय तपासणी करतात, तिच्या पहिल्या टप्प्यात मातीला हातच लावत नाहीत. अमेरिकेत त्याला 'फेज वन' म्हणतात. तपासणारा माणूस जुने नकाशे काढतो, वेगवेगळ्या दशकांतले विमानातून घेतलेले फोटो शेजारी शेजारी ठेवतो, परवाने आणि आगीच्या नोंदी वाचतो, जागेवर फिरून डाग, जुन्या टाक्यांच्या तोट्या, वठलेलं गवत बघतो, आणि शेवटी जुन्या कामगारांना, शेजाऱ्यांना विचारतो. त्यातून संशय आला तरच 'फेज टू', म्हणजे बोअर मारणं, माती आणि भूजलाचे नमुने घेणं, प्रयोगशाळा. पहिला टप्पा हे निव्वळ इतिहासाचं काम आहे. हे वाक्य मी इतिहासवाल्यांना सांगतो तेव्हा ते खूश होतात, इंजिनिअरांना सांगतो तेव्हा ते जरा नाराज होतात.

अमेरिकेतले तपासनीस सॅनबोर्न नकाशे वापरतात. १८६७ पासून सॅनबोर्न कंपनीनं आगीच्या विमा कंपन्यांसाठी शहरांचे नकाशे काढले. कुठली भिंत विटेची, कुठली लाकडाची, घासलेटची टाकी कुठे, रंगाचं गोदाम कुठे, हे सगळं त्यात आहे. विमेवाल्याला फक्त आग कुठे लागेल ते बघायचं होतं. शंभर वर्षांनी तोच नकाशा जमिनीत काय मुरलं असेल ते सांगतो. सिंगापूरला मला असं एकच गाठोडं मिळत नाही. मी राष्ट्रीय अभिलेखागारातले स्थलदर्शक नकाशे, नॅशनल लायब्ररीनं ऑनलाइन ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं आणि लोकांच्या तोंडी मुलाखती एकमेकांवर ठेवून बघतो. एखाद्या १९५० च्या दशकातल्या जाहिरातीत 'आमच्या यार्डात जुनी पिंपं मिळतील' अशी ओळ सापडते आणि दिवस सार्थकी लागतो.

ही तपासणी अमेरिकेत आली कशी, ती गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण ती एका खरेदीखताचीच गोष्ट आहे. नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीनं १९४२ ते १९५३ या काळात त्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. खतात स्पष्ट लिहिलेलं होतं की इथे रासायनिक कचरा पुरलेला आहे आणि पुढे कुणाला इजा झाली तर कंपनी जबाबदार नाही. मंडळानं सही केली. शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तळघरांतून रसायनं झिरपू लागल्याचं देशभर गाजलं, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली. म्हणजे त्या कागदात माती होती. वाचणाऱ्यांनी ती कागदासारखी वाचली.

डिसेंबर १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा आला. त्यानं एक कठोर गोष्ट केली. घाण कुणीही केलेली असो, आज जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाही साफसफाईच्या खर्चासाठी धरता येईल. १९८६ च्या दुरुस्तीनं एक फट ठेवली, की घेण्याआधी तुम्ही योग्य ती सगळी चौकशी केली होती आणि तरीही काही कळलं नव्हतं, हे दाखवता आलं तर सुटका. 'योग्य चौकशी' म्हणजे नेमकी काय, हे ठरवायला १९९३ मध्ये एएसटीएम या संस्थेनं फेज वनची पद्धत लिहून काढली. बँका आधीच घाबरल्या होत्या, कारण बुडीत कर्जापोटी कारखाना ताब्यात आला तर घाणही ताब्यात येणार. पर्यावरणाच्या प्रेमापेक्षा बँकेच्या भीतीनं ही पद्धत जास्त पसरली, असं माझं मत आहे. त्यात वाईट काही नाही. सॅनबोर्नचे नकाशेही विमेवाल्याच्या भीतीनंच काढलेले होते.

सिंगापूरचा रस्ता मात्र अमेरिकेवरून जात नाही, तो निम्मा हॉलंडवरून जातो. १९८० मध्येच रॉटरडॅमजवळच्या लेकरकेर्क गावात नव्या वसाहतीच्या घरांखाली रंगांच्या कारखान्यांचा कचरा भरलेली दीड हजारांहून जास्त पिंपं निघाली. घरं बांधण्याआधी चर बुजवताना ती भराव म्हणून टाकलेली होती. सुमारे २७० घरं रिकामी करावी लागली. डच सरकारनं १९८३ मध्ये माती स्वच्छ करण्याचा तात्पुरता कायदा केला आणि त्याबरोबर आकड्यांची एक यादी दिली: कुठल्या पदार्थाचं प्रमाण किती झालं की चिंता करायची, किती झालं की साफ करायचंच. ही यादी पुढे सुधारली गेली आणि जगभर उसनी घेतली गेली. सिंगापूरलाही मातीचे नमुने तपासताना हीच डच मोजपट्टी सर्रास वापरतात. तिच्यामागे एक 'प्रमाणित माती' गृहीत धरलेली आहे, १० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि २५ टक्के चिकणमाती. मी जुरोंगची पावसानं धुतलेली तांबडी माती हातात घेतो आणि मला हसू येतं. एका डच कुरणाच्या मापानं हिचं वय आणि चारित्र्य ठरवायचं.

इथे मुख्य प्रश्न मालकीचा आहे. औद्योगिक जमीन बहुतेक सरकारच्या मालकीची, १९६८ साली स्थापन झालेल्या जेटीसीकडे, आणि कारखानदार लीजवर. तुमच्यापैकी अनेकांनी इथे किंवा दुबईत, लंडनमध्ये भाड्यानं घर घेतलं असेल. चावी मिळाल्या दिवशी तुम्ही काय करता? भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, सिंकमधली चीर, सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला पाठवता, म्हणजे जाताना डिपॉझिटमधून आधीच्या भाडेकरूचे पैसे कापले जाऊ नयेत. जेटीसीची 'एन्व्हायर्नमेंटल बेसलाइन स्टडी', इथल्या बोलीत ईबीएस, म्हणजे तेच, फक्त जमिनीच्या आतले फोटो. प्रदूषणाची शक्यता असलेल्या कारखान्यात येताना माती आणि भूजल कसं होतं याची नोंद, आणि जागा सोडताना किंवा लीज दुसऱ्याला देताना पुन्हा तपासणी. दोन्हींतला फरक तुमचा. अमेरिकेत कोर्टात वर्षानुवर्षं चालणारं 'कुणी केलं' हे भांडण इथे दोन मोजमापांच्या वजाबाकीत सुटतं. निदान कागदावर तरी. जुन्या जागांना पहिलं मोजमापच नसतं आणि तिथे माझ्यासारख्या इतिहासवाल्याला बोलावणं येतं.

तेव्हा काका, तुमचे दोन महिने वाया गेले नाहीत. ईबीएस झाली नसती, तर पुढे जागा सोडताना आधीच्या नटबोल्टवाल्याचं क्रोमियम तुमच्या नावावर निघालं असतं. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. दुसरी गोष्ट सांगितली नाही.

माझे बाबा प्लेटिंगचा धंदा करायचे. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून, एनए केलेला त्यांचा स्वतःचा प्लॉट होता, वीस गुंठ्यांचा. १९८४ ते २००३ तिथे क्रोम प्लेटिंगची शेड होती. सायकलची हँडलं, स्टोव्हचे भाग, नंतर मोटारसायकलचे. भाग आधी ट्रायक्लोरोइथिलीननं पुसून तेलकटपणा काढायचा, मग क्रोमिक ॲसिडच्या टाकीत, मग धुवायच्या पाण्यात. ते धुवायचं पाणी मागच्या बाभळीपाशी एका शोषखड्ड्यात जायचं. पिवळंजर्द असायचं. मी लहानपणी त्याला हळदीचं पाणी म्हणायचो.

त्या पिवळ्या रंगाला आज मी नावानं ओळखतो. ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम. क्रोमियमचं दुसरं, हिरवट रूप मातीला धरून बसतं, हे धरत नाही, पाण्याबरोबर चालू लागतं. आणि ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याहून जड. ते भूजलावर तरंगत नाही, त्यातून खाली उतरतं आणि खडकाच्या भेगांत जाऊन बसतं. आमच्याकडे खाली काळा कातळ आहे, भेगाळलेला.

२००६ मध्ये बाबांनी प्लॉट विकला. व्यवहार चोख झाला. घेणाऱ्याच्या वकिलानं तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, सातबारा आणि फेरफार पाहिले, एनएचा आदेश पाहिला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, की या मिळकतीवर कुणाचा हक्क, बोजा, वहिवाट असल्यास चौदा दिवसांत कळवावे. कुणी काही कळवलं नाही. तीस वर्षांत जमिनीवर कुणाकुणाचा हात फिरला, त्याची साद्यंत हकिगत त्या रिपोर्टात होती. टाक्या भंगारात गेल्या, खड्डा बुजला, बाभूळ तोडली. आज तिथे मंगल कार्यालय आहे, आणि पाण्याला बोअर आहे. हे मला दोन वर्षांपूर्वी एका चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता वाचून कळलं.

आपल्याकडे जमिनीला विचारायची पद्धतच नव्हती, असं मात्र नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, घरासाठी जागा निवडताना हातभर खड्डा खणून तीच माती परत भरायला सांगितली आहे. उरली तर उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर नको. पाणी भरून शंभर पावलं जाऊन परत यायचं आणि किती मुरलं ते बघायचं. जमिनीखालची शल्यं, म्हणजे हाडं, कोळसा, राख शोधून काढण्याचाही विचार त्यात आहे. त्यामागच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही. पण घेण्याआधी खणून बघा, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आम्ही २००६ मध्ये भूमीची पूजा केली ती नव्या मालकानं. नारळ फोडला तो साधारण खड्ड्याच्याच जागी.

कायदाही गप्प नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर एक बंधन घालतं: मिळकतीत एखादा मोठा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन कळण्यासारखाही नाही, तर तो सांगायला हवा. हे कलम मी डॉक्टरेट करताना वाचलं होतं. आमच्या प्लॉटशी ते जोडलं नव्हतं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे सुरुवात स्थानिक प्रशासनानं संशयित जागांची यादी करण्यापासून होते. तालुक्याच्या गावाबाहेरचा वीस गुंठ्यांचा प्लॉट, ज्यावर आता मांडव पडतो, तो कुणाच्या संशयात येणार?

काकांशी बोललो त्या आठवड्यात मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. खड्ड्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा सगळेच तसं करायचे." ते खरंच आहे. मग म्हणाले, "तुझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली." तेही खरं आहे. आई मागून म्हणाली, जेवायची वेळ झाली आहे.

फेज वनमध्ये जुन्या कामगारांची मुलाखत घेतात, हे मी वर लिहिलंच आहे. मी शेकडो मुलाखती वाचल्या आहेत, पंधरा-वीस स्वतः घेतल्या आहेत. टाकी कुठे होती, गळायची का, पाणी कुठे सोडायचात, हे तीन प्रश्न मला झोपेतही येतात. त्या दिवशी मी ते विचारले नाहीत. फक्त एवढंच म्हणालो की, तिथल्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्यायला हवं, क्रोमियमची चाचणी अवघड नसते, खर्च मी करीन. बाबा काही बोलले नाहीत.

तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे बॉलपेननं काढलेला नकाशा. शेड, दोन क्रोमच्या टाक्या, तेल काढायची टाकी, तिच्यापासून निघालेली नाली, बाभूळ, खड्डा. खड्ड्याशेजारी 'खोली १० फूट, खाली मुरूम' असं लिहिलेलं. आणखी एक खड्डाही आहे, जो मला माहीत नव्हता. त्यापुढे '८९ पर्यंत' असं आहे. उत्तर दिशेचा बाण बरोबर दाखवलेला आहे. खाली त्या गृहस्थांचं नाव आणि मोबाइल नंबर, ज्यांना प्लॉट विकला. शेवटचा आकडा एक आहे की सात, ते नीट लागत नाही. मी बाबांना परत विचारलं आहे.